केस जातात, पण तिळाचे काय?

हनुवटीवरचे किंवा ओठांवरचे नकोसे केस ही आता केवळ शहरातील तरुणींची चिंता राहिलेली नाही. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावातही मुलीचे लग्न ठरले, की लेसरचा विषय निघू शकतो. जवळच्या शहरात पार्लर असते आणि प्रकाशझोताने केस काढणारी छोटी यंत्रे घरपोच मिळतात. अशा वेळी केस किती बैठकांत जातील आणि खर्च किती येईल, हे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. त्याच जागी तीळ असेल तर त्याचे काय होईल, हा तिसरा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. वास्तविक तो सर्वांत आधी विचारायला हवा.

प्रकाशाला फरक कळत नाही

लेसरने केस काढण्याची पद्धत ज्या तत्त्वावर उभी आहे, ते अमेरिकेतील रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या डॉक्टरांनी १९८३ मध्ये मांडले. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश अत्यल्प काळासाठी त्वचेवर सोडला, तर तो शोषून घेणारा घटक तापतो आणि आजूबाजूचा भाग बऱ्याच अंशी सुरक्षित राहतो. केसांच्या बाबतीत हा घटक म्हणजे मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य. ते तापले की उष्णता केसाच्या मुळापर्यंत पोहोचते आणि मूळ निकामी होते.

अडचण अशी, की तिळाचा काळा वा तपकिरी रंगही मेलॅनिनचाच असतो. हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी एका जागी पुंजक्याने जमल्या, की तीळ दिसतो. प्रकाशाला केस आणि तीळ यांतील फरक कळत नाही. अलेक्झांड्राइट लेसरची तरंगलांबी ७५५ नॅनोमीटर, डायोडची ८०० ते ८१० आणि एनडी-यागची १०६४ असते. तरंगलांबी वाढते तसे मेलॅनिनचे शोषण कमी होते. म्हणून सावळ्या त्वचेसाठी एनडी-याग तुलनेने सुरक्षित मानला जातो. 'आयपीएल' हा लेसर नव्हे. त्यात अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकत्र असतो आणि सावळ्या किंवा उन्हाने रापलेल्या त्वचेवर भाजण्याचा धोका त्यात अधिक असतो.

तिळावर होणारे परिणाम

झोत तिळावर पडला तर आग होणे, फोड येणे, खपली धरणे आणि पुढे डाग किंवा व्रण राहणे असे प्रकार घडू शकतात. काही तीळ फिकट होतात, काहींचा रंग वा आकार बदलतो, तर काही दिसेनासे होतात. केस काढण्यासाठी साधारणतः ६ ते ८ बैठका लागत असल्याने तिळालाही तितक्या वेळा उष्णता सोसावी लागते.

यामुळे कर्करोग होतो का, ही भीती स्वाभाविक आहे. हा प्रकाश क्ष-किरणांसारखा नाही आणि त्यामुळे साध्या तिळाचा कर्करोग झाल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. खरा धोका वेगळाच आहे. तीळ म्हणून दिसणारा डाग मुळातच 'मेलॅनोमा' या कर्करोगाचा असेल, तर लेसरने वरचा रंग जातो. पण खोलवरच्या पेशी उरू शकतात. रोग तसाच राहतो आणि तो ओळखण्याची खूण मात्र पुसली जाते. निदानास झालेला असा विलंब जिवावर बेतू शकतो. शिवाय लेसरचा मारा झालेला साधा तीळही सूक्ष्मदर्शकाखाली संशयास्पद दिसू शकतो. म्हणून पुढे कधी बायोप्सी करावी लागल्यास लेसर घेतल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

भारतीयांमध्ये मेलॅनोमा विरळा आहे. पण विरळा म्हणजे अशक्य नव्हे. तिळाच्या दोन बाजू एकसारख्या नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाच तिळात अनेक रंग दिसणे, व्यास ६ मिलिमीटरहून अधिक असणे आणि रूप बदलत जाणे या पाच खुणा ध्यानात ठेवाव्यात. खाज, रक्त किंवा न भरणारी जखम असल्यास तर थांबूच नये.

गोंदणाचाही विचार हवा

ग्रामीण भागात आणखी एक गोष्ट पाहायला हवी. अनेक स्त्रियांच्या हनुवटीवर, कपाळावर वा हातावर गोंदण असते. त्यातील शाईही प्रकाश शोषून घेते आणि त्वचा भाजते. त्यामुळे गोंदणावरून झोत फिरवू देऊ नये. उन्हात राबून त्वचा रापली असेल, तर ती पूर्ववत होईपर्यंत उपचार पुढे ढकलावा.

आधी तपासणी, मग लेसर

पहिल्या बैठकीपूर्वी त्वचारोगतज्ज्ञांकडून सर्व तीळ तपासून घ्यावेत. बीड जिल्ह्यातील रुग्णांना अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय येथे ही तपासणी करून घेता येते. शेजारी मोजपट्टी ठेवून तिळाचे छायाचित्र काढून ठेवल्यास पुढील बदल ताडून पाहता येतो. उपचाराच्या वेळी तीळ पांढऱ्या आच्छादनाने झाकावा आणि त्याभोवतीची थोडी जागाही सोडावी. काळ्या शाईने खूण करू नये, कारण ती शाईच तापते. घरगुती यंत्रांच्या माहितीपत्रकातही तीळ टाळण्याची सूचना असते. ती वाचल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

तिळावरच उगवलेल्या केसाचे काय? तो उपटल्याने कर्करोग होतो या समजाला आधार नाही. तरीही कात्रीने अलगद कापणे हा सर्वांत सोपा उपाय. जन्मजात मोठ्या, केसाळ तिळाबाबत मात्र तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय काहीही करू नये.

चुकून तीळ भाजलाच, तर थंड पाण्याची धार धरावी आणि हळद वा टूथपेस्ट न लावता डॉक्टरांना दाखवावे. केस काढणे चार महिने लांबले तरी बिघडत नाही. तपासणी मात्र लेसरच्या आधीच व्हायला हवी. तीळ पुसला गेल्यावर डॉक्टरांना तपासायला काही उरत नाही.