दहा कोटी कणांना भारी पडणारा एक थेंब

देवपुरात पावसाळ्यात कितीदा तरी आभाळ भरून येतं, पांझरा नदीवर सावली धरतं आणि एक थेंबही न टाकता निघून जातं. अशा कोरड्या ढगाचा एक घनमीटर घ्या. त्यात साधारण १० कोटी जलकण असतात. एकेकाचा व्यास जेमतेम ०.०२ मिलिमीटर, आणि सगळ्यांचं मिळून वजन अर्धा ग्रॅमही भरत नाही.

आता त्यात २ मिलिमीटरचा एकच टपोरा थेंब सोडा. पाणी म्हणून तो त्या गर्दीचा शंभरावा हिस्सा. रडारला मात्र तो एकटा त्या १० कोटींपेक्षा १० हजार पट ठळक दिसतो! परतणारा संकेत व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतो, म्हणजे व्यास शंभर पट झाला की संकेत एकावर बारा शून्यं.

म्हणूनच १० सेंटिमीटर लहरीच्या हवामान रडारला पाऊस दिसतो, पण असा ढग सहसा निसटतो. काळूबाईच्या मांढरदेवला, सातारा जिल्ह्यात, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं ३५ गिगाहर्ट्झचं ढग-रडार बसवलं. त्याची लहर ८.६ मिलिमीटरची. नुसत्या या आखूडपणामुळे त्याच कणाकडून १८ हजार पट संकेत परततो. नजर इतकी तीक्ष्ण, की हवेतले किडेही नोंदले गेले आणि ते गाळायला शास्त्रज्ञांना वेगळी गणिती रीत बसवावी लागली.

हीच नजर पावसात अधू होते. ताशी २५ मिलिमीटर पावसात एक किलोमीटर जाऊन-येऊन संकेताचा सुमारे सोळावा हिस्सा उरतो. पाच किलोमीटरला दहा लाखांत एक. अँटेनावर पाण्याचा पातळ थर साचला तरी आणखी घट, म्हणून त्यावर पंख्यानं वारा मारत राहतात.

समुद्रावर रडार जहाजावर बसवलं, तर जहाजच डोलतं. पाच अंश कललं, की १० किलोमीटर उंचीवर रडारची नजर ८७० मीटर बाजूला सरकते. २०२० मध्ये बार्बाडोसजवळ ‘मारिया एस. मेरियन’ जहाजावर ९४ गिगाहर्ट्झचं रडार म्हणूनच तोल सांभाळणाऱ्या मंचावर ठेवलं होतं.

उरतो प्रश्न रडारच्या मांडणीचा. संकेताचा स्पंद दुप्पट लांब केला तर संवेदनशीलता चौपट होते, पण रडार ज्याचं एकत्र माप घेतं तो १५० मीटरचा थर ३०० मीटरचा होतो. बार्बाडोसजवळच्या व्यापारी वाऱ्यांतल्या ढगांचा तळ समुद्रापासून सुमारे ७०० मीटरवर, आणि कितीतरी ढग तर एका थराहूनही पातळ.