तेहेतीस हजार फेऱ्यांची भिंगरी

भंगारातून सोडवून आणलेलं टर्बाइन इंजिन शेडमध्ये उतरलं, की जाणता माणूस पान्याला हात लावत नाही. आधी हवा आत घेणाऱ्या तोंडावरचं झाकण काढतो, टॉर्च मारून आत डोकावतो आणि कॉम्प्रेसरचं चाक एका बोटानं हलकेच ढकलतो. चाक लोण्यातून फिरल्यासारखं फिरलं, तर निम्मी चिंता मिटते. बारीक खरखर ऐकू आली, तर बेअरिंगला गंज धरलाय. फिरता फिरता एकाच जागी अडलं, तर कुठंतरी पातं कवचाला घासतंय. आणि जागचं हललंच नाही, तर सगळे मिळून आधी चहा घेतात.

ब्रिटनमधल्या हौशी मंडळींच्या शेडमध्ये असं येणारं एक इंजिन म्हणजे ‘पालुस्त’. त्याचं घराणं हेलिकॉप्टरचं. ‘आर्तुस्त’ या फ्रेंच इंजिनाच्या कुळातलं हे यंत्र ब्लॅकबर्न या ब्रिटिश कंपनीनं परवाना घेऊन बनवलं. कामही मोठं मजेशीर दिलं: दुसऱ्यांची झोपमोड करायची. मोठ्या लढाऊ विमानाचं जेट इंजिन सुरू करायला दाबाची भरपूर हवा लागते, ती हा धाकटा भाऊ पुरवायचा. ढकलगाडीवर बसलेला पालुस्त धावपट्टीवर विमानाशेजारी उभा करायचा, जाडजूड नळी जोडायची आणि हवा सोडायची. ब्रिटिश नौदलाची काही विमानं तर तो पंखाखाली टांगूनच परगावी नेत. तिथं सोय नसली तर आपली आपण आणलेली बरी. पुढे ही यंत्रं लष्करानं मोडीत काढली आणि हौशी लोकांनी उचलली. लेस्टरशायरमधल्या ब्रंटिंगथॉर्पच्या जुन्या धावपट्टीवर बुकानियर विमानांची इंजिनं लोकांसमोर सुरू करून दाखवली जात, तेव्हा पहिला आवाज या धाकट्याचाच असे.

मूळ आर्तुस्तची कहाणी फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी सुरू होते. पोलंडमध्ये जन्मलेल्या जोसेफ शिडलोव्स्की यांनी १९३८ साली सहकाऱ्यासोबत ‘टर्बोमेका’ ही कंपनी काढली. तिचा कारखाना पो शहराजवळच्या बोर्द गावी स्थिरावला. इंजिनांना डोंगरातल्या शिखरांची आणि तळ्यांची नावं द्यायची, ही कंपनीची रीत. आर्तुस्त हे तिथलंच एक तळं. (आपल्या ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरमधल्या ‘शक्ती’ इंजिनाचं फ्रेंच नाव ‘आर्दिदाँ’, तेही तिथलंच शिखर.) १९४७ मध्ये आर्तुस्त पहिल्यांदा चाललं, तेव्हा ते विमानातल्या जोडकामाचं छोटं शक्तियंत्र म्हणून आखलेलं होतं. हेलिकॉप्टर त्याच्या नशिबात नंतर आलं.

आलं ते मात्र थाटात. १२ मार्च १९५५ रोजी ‘अलुएत-२’ हे आर्तुस्तवर चालणारं हेलिकॉप्टर उडालं. टर्बाइन बसवून कारखान्यात मोठ्या संख्येनं बनलेलं हे पहिलं हेलिकॉप्टर. तीनच महिन्यांत वैमानिक जाँ बुले यानं ते ८,२०९ मीटर उंचीवर नेऊन विक्रम केला. तोवरची हेलिकॉप्टरं पिस्टन इंजिनावर चालत, आणि त्यांच्या ताकदीतला मोठा वाटा स्वतःचंच वजन उचलण्यात खर्ची पडे. फरक केवढा होता, हे ब्रिटनच्या ‘व्हर्लविंड’ हेलिकॉप्टरचं नाक पाहिलं तरी कळतं. त्यातलं पिस्टन इंजिन काढून ‘नोम’ हे टर्बाइन बसवलं, तर पुढची बाजू इतकी हलकी झाली की तोल साधायला नाकच लांब करावं लागलं.

टर्बाइनचं काम समजायला सोपं आहे, पचायला अवघड. पुढून हवा आत ओढायची, दाबायची, तिच्यात इंधन जाळायचं आणि फुगलेला तप्त वायू चाकांच्या पात्यांवर सोडायचा. चाकं फिरतात, आणि त्याच दांड्यावर बसलेला कॉम्प्रेसर पुढची हवा ओढतो. उरलेली ताकद वरच्या पंख्याला. पिस्टनची वरखाली धडपड नाही, झडपांची टकटक नाही. एकच दांडा आणि त्यावर चाकं. इंधन म्हणजे तरी काय, नीट गाळलेलं रॉकेल.

शिडलोव्स्की यांची खरी करामत हे रॉकेल आत पोचवण्यात होती. इतर इंजिनांमध्ये त्यासाठी बारीक छिद्रांच्या तोट्या असतात, त्या तुंबतात आणि उच्च दाबाचे पंप मागतात. आर्तुस्तमध्ये मुख्य दांडाच पोकळ आहे. रॉकेल त्यातून येतं आणि दांड्यासोबत गरगरणाऱ्या एका चकतीच्या भोकांतून बाहेर फेकलं जातं. ओली छत्री दांडीला धरून गरकन फिरवली की थेंब कसे चहूकडे उडतात, तसंच. फिरण्याचा वेग इतका, की थेंबांचं धुकं होतं आणि भोवतालच्या कड्यासारख्या भट्टीत ते एकसारखं पेटतं.

तो वेग म्हणजे मिनिटाला सुमारे ३३,५०० फेऱ्या. सेकंदाला साडेपाचशेहून जास्त. हिशेब करून पाहिला, तर अक्षापासून दहा सेंटीमीटरवर असलेल्या एक ग्रॅम धातूला या वेगात सव्वाशे किलो वजनाइतकी बाहेरची ओढ बसते. पात्यावरच्या केसाएवढ्या चिरेकडे भिंग लावून तासन्‌तास पाहणारी माणसं वेडी का नसतात, ते या आकड्यावरून कळावं.

चालू इंजिनापेक्षा बंद पडून राहिलेलं इंजिन जास्त झिजतं, असं या छंदातल्या कुणालाही विचारलं तरी ऐकायला मिळेल. आणि त्यात तथ्य आहे. पोलादी बेअरिंगवरचं तेल वर्षानुवर्षांत ओघळून जातं, दमट हवेतलं पाणी त्याची जागा घेतं. एका गोळीवर गंजाचा तीळभर ठिपका पडला तरी ते बेअरिंग बाद. वजन वाचवायला जुन्या इंजिनांत मॅग्नेशियमची कवचं वापरत. त्यांच्यावर पांढरी भुकटी साचते आणि बोट लावलं की खाली खड्डा निघतो. रबरी सील कडक होऊन बिस्किटासारखे तुटतात. इंधनाच्या पंपात उरलेल्या रॉकेलची चिकट लाख होते. गंमत अशी की ज्या पात्यांनी सगळ्यात जास्त आच सोसली, ती निकेलच्या मिश्रधातूची पाती पुष्कळदा धडधाकट निघतात.

इथून पुढे एकट्यादुकट्याचं काम उरत नाही.

एखाद्याकडे इंजिन असतं, पण पुस्तिका नसते. पुस्तिका असते दुसऱ्याकडे, तीही मधली पानं गळालेली. तिसऱ्याकडे दांड्यावरचं ते एक विचित्र आकाराचं नट सोडवायचा खास पाना असतो. तो पाना टपालानं या गावाहून त्या गावाला फिरत राहतो आणि त्याचा प्रवास इंजिनापेक्षा जास्त होतो. कुणी घरच्या लेथवर हरवलेलं बुशिंग कातून देतो. कुणाकडे ठिणगी पाडणारे दोन जादा इग्नायटर असतात, त्याला त्या बदल्यात तेलाचा पंप हवा असतो. पैशांचा व्यवहार होतोच, पण अदलाबदल जास्त. आणि या सगळ्यांच्या वर मान असतो निवृत्त फिटरला. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ज्यानं नौदलात किंवा हवाई दलात हीच इंजिनं रोज उघडली, त्याला पुस्तिकेत नसलेल्या गोष्टी माहीत असतात: हा बोल्ट घट्ट करताना शेवटचा पाव फेरा मनगटाला कसा लागला पाहिजे, निचऱ्याची ही नळी कोणत्या बाजूनं आधी तुंबते, चालताना ऐकू येणारी कोणती शिट्टी निरोगी आणि कोणती नाही. टर्बाइनचे सुटे भाग शोधले तर सापडतात. या फिटरचं वय मात्र दरवर्षी वाढत जातं. म्हणून अलीकडे त्याच्याशेजारी कुणीतरी फोनवर चित्रण करत बसलेलं दिसतं, आणि म्हातारबुवा कॅमेऱ्याकडे पाठ करून काम करत राहतात.

हौशी मंडळींचे दोन पंथ आहेत. एकाला इंजिन जमिनीवर चाललं तरी पुरतं. दुसऱ्याला ते उडवायचं असतं, आणि तिथं धातूइतकंच महत्त्व कागदाला येतं. कोणता भाग किती तास चालला आणि किती वेळा चालू-बंद झाला याची वही नसेल, तर इंजिन कितीही सुरेल गात असलं तरी त्याला आकाश बंद. या दुसऱ्या पंथानं ब्रिटनमध्ये चिकाटीनं कामं केली आहेत. आर्तुस्तच्याच वंशातल्या ‘निंबस’ इंजिनावर चालणारी ‘वास्प’ आणि ‘स्काउट’ ही जुनी लष्करी हेलिकॉप्टरं खासगी मालकांनी उडती ठेवली, आणि सॉमरसेटमध्ये एक टर्बाइनवालं व्हर्लविंडही पुन्हा हवेत गेलं. अमेरिकेत एका कंपनीनं तिसराच मार्ग काढला: हेलिकॉप्टरमधलं ॲलिसन टर्बाइन घेतलं आणि २००० साली त्याची मोटरसायकल केली. हौसेला मोल नसतं हे खरं, पण लाल सिग्नलला तिच्या मागे उभं राहणाऱ्याची हालत काय होत असेल!

भारतीय वाचकाला या सगळ्यात एक गोष्ट वेगळी वाटेल. ब्रिटिश शेडमध्ये जे इंजिन जुनं खेळणं म्हणून पुसलं जातं, त्याचं भावंड आपल्याकडे सेवेत राहिलं. ‘अलुएत-३’ म्हणजे आपलं ‘चेतक’. १९६२ साली करार होऊन हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं ते इथं बांधायला घेतलं, आणि २०२२ मध्ये हवाई दलानं चेतकच्या सेवेची साठ वर्षं हैदराबादजवळ हकीमपेटला साजरी केली. ‘चीता’ तर भारतीय सैन्याच्या गरजेवरूनच जन्मलं. हिमालयाच्या विरळ हवेत उतरणारं हेलिकॉप्टर हवं होतं, म्हणून फ्रेंचांनी अलुएत-२च्या सांगाड्यात अलुएत-३चं इंजिन आणि पंखा बसवला. त्यातलं आर्तुस्त ८७० अश्वशक्ती देऊ शकतं, पण मुद्दाम ५५०वर रोखलेलं असतं. उंचावर हवा विरळ होऊन ताकद गळते, तेव्हा ही शिल्लक कामी येते. सियाचीनच्या चौक्यांना चीतानं इतकी वर्षं रसद पोचवली, ती या शिलकीच्या जोरावर. याच जातीच्या हेलिकॉप्टरनं १९७२ मध्ये जाँ बुलेला १२,४४२ मीटरवर नेलं. वर पोचल्यावर इंजिन विझलं आणि पुन्हा पेटेना, तेव्हा नुसत्या वाऱ्यावर पंखा फिरता ठेवून तो सुखरूप जमिनीवर आला. नाशिक रोडजवळच्या गांधीनगरला सैन्याचे वैमानिक चीता-चेतकवर शिकतात. त्या भागातल्या घरांना आर्तुस्तची बारीक, टोकदार शिट्टी इतकी सवयीची, की मान वर करून कुणी पाहतही नाही.

शेडमध्ये मात्र त्याच शिट्टीसाठी महिनोन्‌महिने वाट पाहिलेली असते. सुरू करण्याचा दिवस ठरतो. इंजिन भक्कम चौकटीला जखडलेलं असतं, अग्निशामक नळकांडी हाताशी, आणि चाकं ज्या प्रतलात फिरतात त्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, हा नियम सगळ्यांना दोनदा सांगून झालेला असतो. आधी इंधन न सोडता नुसतं स्टार्टरवर फिरवतात. तेलाचा दाब काट्यावर दिसतो का, ते पाहतात. मग निचऱ्याचं भोक मोकळं आहे याची खात्री. आधीच्या फसलेल्या प्रयत्नातलं रॉकेल तळाशी साचून राहिलं, तर पुढच्या ठिणगीला ते सगळं एकदम पेटतं आणि मागच्या तोंडातून जीभ बाहेर येते. प्रेक्षकांना ते आवडतं. टर्बाइनच्या पात्यांना नाही.

मग खरा प्रयत्न. स्टार्टर कण्हतो, इग्नायटरची टकटक ऐकू येते, आणि पोटातून ‘भप्प’ असा दबका आवाज. आता सगळ्यांचे डोळे एकाच काट्यावर, बाहेर पडणाऱ्या वायूच्या तापमानावर. तो भराभर चढत लाल रेषेकडे निघाला, तर एका माणसाचं बोट इंधनाच्या खटक्यावर तयार असतं. आकडा बघत बसायला वेळ नसतो. चढून थबकला आणि हळूहळू खाली सरकला, तर वेग वाढतोय, हवा पुरतेय. गुरगुर शिट्टीत बदलते. स्टार्टर सोडला तरी इंजिन स्वतःच्या बळावर फिरत राहतं. तेव्हा टाळ्या वाजतात, पण त्या कुणाला ऐकू येत नाहीत. सगळ्यांच्या कानांत बोळे असतात.

दोन-तीन मिनिटं चालवून इंधन तोडतात. शिट्टी खाली उतरू लागते. म्हातारा फिटर कानांतले बोळे काढून कवचाजवळ वाकतो, हातात घड्याळ. पूर्ण थांबायला किती सेकंद लागले, ते मोजायचं असतं. निरोगी बेअरिंगवर चाक बराच वेळ घरंगळत राहतं, आजारी बेअरिंगवर लवकर दमतं. शेड शांत होते. आत कुठंतरी तापलेला पत्रा थंड होताना टिकटिकतो. फिटर सरळ होतो, वहीत आकडा लिहितो आणि उद्या पुन्हा एकदा बघू म्हणतो.