उपाशी ठेवू नका

भूल देण्यापूर्वी रुग्णास उपाशी ठेवावे, हा आम्हा भूलतज्ज्ञांचा पहिला पाठ. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका चार वर्षांच्या मुलीच्या आईने त्यालाच हरकत घेतली. तिच्याजवळच्या कागदावर निदान होते, ‘व्हीएलसीएडी’ या विकराची उणीव. लांब साखळीची मेदाम्ले जाळून शक्ती मिळवणे या शरीरास जमत नाही. साखर सरली की यकृत, हृदय, स्नायू सारेच धोक्यात.

रात्रीच १० टक्के डेक्स्ट्रोज सुरू केले. प्रोपोफॉल टाळले, त्याचा दुधाळपणा १० टक्के सोयाबीन तेलाचा. थायोपेंटोनने झोपवून फेंटॅनिल दिले. शस्त्रक्रियेच्या आघाताने अ‍ॅड्रेनॅलिन उसळते, साठ्यातील चरबी रक्तात उतरते आणि अर्धवट जळून साचते. अफूवर्गीय औषध तो उद्रेक शमवते. पण त्यानेच पुढे मळमळते, त्यात घसा दुखरा; मूल खाणार कसे? म्हणून शस्त्रक्रिया आटोपल्यावरही सलाईन काढू दिले नाही. परिचारिकेने दोनदा विचारले. टॉन्सिलनंतरचे रूढ आइस्क्रीमही वर्ज्य, कारण त्यात साय!

संध्याकाळी मुलीने वाटीभर गोड पेज घेतली. ती पोटात टिकल्याची खात्री झाल्यावरच मी सुई काढली.