कुत्र्यांतील बबेसिया : रक्ततपासणी काय सांगते?

बबेसिया हा गोचिडांमार्फत पसरणारा एकपेशीय परजीवी. तो तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. ताप, फिकट हिरड्या, गडद लघवी ही मुख्य लक्षणे. ‘बबेसिया गिब्सोनी’ या जातीचे पहिले वर्णन भारतातलेच : मद्रासच्या शिकारी कुत्र्यांवरून, पॅटन यांनी १९१० मध्ये केलेले.

रक्तलेप : सर्वांत स्वस्त. कानाच्या टोकाला टोचून आलेला थेंब काचपट्टीवर पसरतात, गिम्सा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ‘बबेसिया व्होगेली’ मोठा, बहुधा जोडीने, नासपतीच्या आकाराचा. गिब्सोनी जेमतेम १ ते ३ मायक्रॉनचा. परजीवी थोडे असले तर आजार असूनही लेप निगेटिव्ह येतो.

प्रतिपिंड चाचणी : संसर्ग जुना की चालू, हे सांगत नाही. आजाराच्या सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकते.

पीसीआर : परजीवीचा डीएनए शोधते. लेपात न दिसणारा संसर्ग पकडते, शिवाय जात ओळखते. उपचार त्यावरच ठरतो : इमिडोकार्ब व्होगेलीवर चालते, गिब्सोनीवर अपुरे पडते; तिथे अ‍ॅटोव्हॅक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन एकत्र देतात.

पीसीआरसाठी रक्त ईडीटीएच्या नळीत आणि औषध सुरू करण्यापूर्वी घ्यावे.