मुखपृष्ठावरचा शनी केवढा?

नवे मासिक हातात आले की विद्यार्थी आधी काय पाहतात? मुखपृष्ठ. आत लेख कितीही चांगला असो, मनात घर करून राहते ते चित्र. म्हणूनच चित्रातले विज्ञान तपासून पाहण्याची सवय लावणे हे विज्ञानशिक्षकाचे एक महत्त्वाचे काम आहे. त्यासाठी एक मजेदार साधन आहे, ते म्हणजे अमेरिकेतील जुन्या 'पल्प' मासिकांची मुखपृष्ठे. आम्ही या चित्रांचे चाहते आहोत, हे आधीच सांगून टाकतो!

पल्प म्हणजे लगदा. लाकूड नुसते दळून केलेल्या लगद्यापासून स्वस्त, खरखरीत कागद तयार होतो. फ्रँक मन्सी यांनी १८९६ मध्ये 'अर्गोसी' हे मासिक अशा कागदावर छापून फक्त कथांना वाहिले. त्यातून पल्प मासिकांची परंपरा सुरू झाली आणि ती १९५०च्या दशकापर्यंत चालली. या कागदात लिग्निन हा घटक तसाच राहतो. प्रकाश आणि ऑक्सिजन यांच्यामुळे त्याच्यात रासायनिक बदल होतात व कागद पिवळा पडतो. कागदातील आम्लामुळे तो ठिसूळही होतो. शिवाय असा कागद शाई शोषून घेतो. त्यामुळे शाई पसरते आणि बारीक ठिपक्यांनी छापलेले रंगीत चित्र त्यावर नीट उमटत नाही. आत काळ्या शाईतील रेखाचित्रे आणि बाहेर गुळगुळीत कागदावर भडक रंगीत मुखपृष्ठ, अशी विभागणी त्यामुळेच झाली. दुकानात शेजारी पन्नास मासिके टांगलेली असताना गिऱ्हाइकाची नजर खेचायची, तर ते काम मुखपृष्ठालाच करावे लागे.

एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांचे मासिक सुरू केले. पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ फ्रँक पॉल यांनी काढले होते. ज्यूल व्हर्न यांच्या धूमकेतूवरील प्रवासाच्या कथेसाठी ते चित्र होते. बर्फावर माणसे स्केटिंग करत आहेत, आणि वर आकाशात कड्यांसह भलामोठा शनी! पॉल यांचे शिक्षण वास्तुकलेचे होते. त्यांच्या चित्रांतली माणसे ताठर वाटतात, पण यंत्रे, इमारती आणि अवकाशाचा विस्तार पाहत राहावेसे वाटतात.

आता प्रश्न असा, की शनी खरोखरच एवढा मोठा दिसेल का? याचे उत्तर शाळेतल्या गणिताने काढता येते. वस्तूच्या व्यासाला तिच्या अंतराने भागा आणि ५७ने गुणा. ती वस्तू साधारण किती अंशांची दिसेल ते मिळते. पृथ्वीवरून चंद्र सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो. शनीचा व्यास आहे सुमारे १,२०,५०० किलोमीटर. त्याचा टायटन हा उपग्रह १२,२२,००० किलोमीटर दूर आहे. म्हणून टायटनच्या अंतरावरून शनी साडेपाच अंशांहून थोडा मोठा, म्हणजे चंद्राच्या सुमारे अकरा पट रुंद दिसेल. एन्सेलाडस हा उपग्रह मात्र फक्त २,३८,००० किलोमीटर दूर आहे. तिथून शनी सुमारे २९ अंशांचा!

चित्रातली माणसे इथे आपली फूटपट्टी होतात. १.७ मीटर उंचीचा माणूस १७ मीटरांवर उभा असेल, तर तोही साडेपाच-सहा अंशांचाच दिसतो. म्हणजे टायटनवरच्या चित्रात शनी एवढ्या अंतरावरच्या माणसाइतका उंच हवा. एन्सेलाडसवरच्या चित्रात तो सुमारे साडेतीन मीटरांवरच्या माणसाइतका हवा. तेव्हा 'एवढा मोठा शनी म्हणजे चित्रकाराची अतिशयोक्ती' असे लगेच म्हणता येत नाही. आधी विचारायचे, 'आपण उभे कुठे आहोत?'

योगायोग असा, की एन्सेलाडस बर्फाने झाकलेला आहे. कॅसिनी यानाने २००५ मध्ये त्याच्यावरून उडणारे पाण्याच्या वाफेचे व बर्फकणांचे फवारेही शोधले. पण स्केटिंग? तिथले गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या शतांशाच्या आसपास आहे. जरा जोर लावला की माणूस उंच उडेल. शिवाय उणे २०० अंश सेल्सिअसचा बर्फ निसरडा नसतो.

पुढे चित्रांतील अचूकतेकडे मुद्दाम लक्ष दिले जाऊ लागले. फेब्रुवारी १९३८च्या 'अस्टाउंडिंग स्टोरीज'साठी हॉवर्ड ब्राऊन यांनी बुधावरून दिसणारा सूर्य रंगवला. चित्र खगोलशास्त्राला धरून असावे, असा संपादक जॉन कॅम्पबेल यांचा आग्रह होता. बुधावर सूर्य निम्मे आकाश व्यापत असेल, असे मुलांना वाटते. हिशोब सांगतो, की बुध सूर्याच्या अगदी जवळ असतानाही तो १.७ अंशांचाच, म्हणजे आपल्याला दिसतो त्याच्या तिप्पट रुंद दिसतो.

पण हिशोब बरोबर असूनही चित्र चुकू शकते. चेस्ली बोनस्टेल यांनी पुढे अशा मासिकांची मुखपृष्ठेही काढली. टायटनवरून दिसणाऱ्या शनीचे त्यांचे प्रसिद्ध चित्र मात्र १९४४ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात आले. त्यातली कडी एका बारीक रेषेसारखी आहेत आणि ते योग्यच आहे, कारण टायटन जवळजवळ कड्यांच्याच प्रतलात फिरतो. आकाश मात्र निळे व स्वच्छ आहे. टायटनवर दाट नारिंगी धुके असल्याचे व्हॉयेजर-१ने १९८० मध्ये दाखवले आणि २००५ मध्ये हायगेन्स यान त्या धुक्यातून खाली उतरले. टायटनच्या जमिनीवरून साध्या डोळ्यांना शनी दिसणारच नाही!

मग ते चित्र टाकाऊ ठरते का? आम्हाला तसे वाटत नाही. उपलब्ध माहितीवर नीट आधारलेले चित्र चुकले, तर नेमके काय माहीत नव्हते ते आज बोट ठेवून दाखवता येते. सिद्धान्तांचेही असेच असते.

पाठ्यपुस्तकातले किंवा एखाद्या कथेचे अवकाशचित्र वर्गात आणा. मुलांना तीन प्रश्न विचारा. आपण कुठे उभे आहोत? ती चकती किती अंशांची दिसायला हवी? तिथे हवा आहे का? सुरुवातीला गुरूचा आयो हा उपग्रह घ्या. गुरूचा व्यास १,४३,००० किलोमीटर, अंतर ४,२२,००० किलोमीटर. उत्तर मुलांनाच काढू द्या आणि त्या मापाचा गुरू फळ्यावर त्यांनाच रंगवू द्या.