गांजा, भांग आणि शरीरश्रमाची क्षमता

फेब्रुवारी १९९८ मध्ये जपानमधील नागानो येथे भरलेल्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत स्नोबोर्डिंग या खेळाचा प्रथमच समावेश झाला, व त्यातील पहिले सुवर्णपदक कॅनडाच्या रॉस रेबाग्लियाटी याने जिंकले. लगोलग त्याच्या मूत्रात गांजाच्या चयापचयातून निर्माण होणारे द्रव्य दर मिलिलिटरमागे १७.८ नॅनोग्रॅम आढळले व पदक काढून घेण्याचा निर्णय झाला. क्रीडा लवादाने तो फिरविला. फिरविण्याचे कारण मात्र गांजामुळे खेळाडूस लाभ होतो की हानी, याच्याशी सर्वथा असंबद्ध होते. ऑलिंपिक समितीच्या नियमांत त्या द्रव्यावर पुरेशी स्पष्ट बंदी नव्हती, एवढाच लवादाचा मुद्दा. पुढे जून २०२१ मध्ये शकॅरी रिचर्डसन हिने अमेरिकेच्या निवड-स्पर्धेत शंभर मीटरची शर्यत १०.८६ सेकंदांत जिंकली, आणि याच द्रव्यापायी एक महिन्याची बंदी येऊन टोकियोस जाण्याची तिची संधी हुकली. दोन्ही प्रसंगी नियमाची चर्चा भरपूर झाली. शरीरशास्त्राची फारच थोडी.

या शास्त्राकडे वळण्यापूर्वी शब्द नीट लावून घेणे अगत्याचे आहे. भांग म्हणजे झाडाची पाने, गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोरे, आणि चरस म्हणजे त्यांवरील राळ. झाड एकच, आणि नशा आणणारे प्रमुख द्रव्यही एकच. गाओनी व मेशुलाम या इस्रायली संशोधकांनी १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे केलेले टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल ते हेच. त्याला संक्षेपाने टीएचसी म्हणतात. भेद आहे तो प्रमाणाचा आणि मार्गाचा. धुरावाटे घेतलेले द्रव्य काही मिनिटांतच मेंदूपर्यंत पोहोचते. प्यालेल्या भांगेचा अंमल चढावयास तासभर किंवा अधिकही वेळ लागतो, पण तो रेंगाळतो, कारण यकृतात त्या द्रव्याचे तितकेच प्रभावी असे दुसरे रूप तयार होते. व्यायामावरील बहुतेक प्रयोग धूम्रपान करणाऱ्यांवर झालेले आहेत. त्यांचे निष्कर्ष भांगेस जसेच्या तसे लावणे धाडसाचे होय.

या प्रयोगांतून सर्वांत ठळकपणे दिसतो तो हृदयावरील परिणाम. धूम्रपानानंतर थोड्याच वेळात विश्रांत अवस्थेतील नाडी सामान्यत: वीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते. श्रमाच्या प्रत्येक पायरीवर हृदयाने अधिक ठोके दिले म्हणजे त्याची कमाल मर्यादा कमी कामातच गाठली जाते, हे उघड आहे. कॅनडातील स्टेडवर्ड व सिंग यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नाडी मिनिटास १७० ठोक्यांवर पोहोचेपर्यंत होणारे काम मोजले. गांजा ओढल्यानंतर ते घटलेले आढळले. रेनो व कॉर्मिए यांनी १९८६ मध्ये बारा निरोगी व्यक्तींना थकून थांबेपर्यंत स्थिर सायकल चालवावयास लावली, तेव्हा सरासरी अवधी १६.१ मिनिटांवरून १५.१ मिनिटांवर आला. एक मिनिट ही सामान्य माणसास क्षुल्लक बाब वाटेल. शर्यतीत उतरणाऱ्यास ती तशी नाही. हृदयविकाराच्या रुग्णांत तर चित्र अधिक गंभीर आहे. ॲरोनाव व कॅसिडी यांच्या १९७४ च्या निरीक्षणात श्रमाने छातीत कळ येण्यापूर्वीचा अवधी गांजामुळे ४८ टक्क्यांनी घटला. निष्क्रिय सिगारेटने तो ९ टक्क्यांहूनही कमी घटला होता. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करतो, ही त्यात आणखी भर.

याउलट, या द्रव्यामुळे श्वासनलिका तात्पुरत्या रुंदावतात असे टॅश्किन यांनी १९७० च्या दशकात दाखविले, आणि येथेच लाभाच्या तर्कास जागा मिळाली. पण निरोगी माणसाच्या श्रमाची मर्यादा बहुधा श्वासनलिका ठरवीत नाहीत, हृदयाची रक्त पुरविण्याची शक्ती ठरविते. म्हणून हा तर्क फार दूर जात नाही. प्रतिक्रियेचा वेग, कालमापनाची जाणीव व विभागलेले अवधान यांवरील दुष्परिणाम लक्षात घेतले, तर उतारावरून झेपावणाऱ्या खेळाडूस लाभापेक्षा धोकाच अधिक. भीती व चिंता कमी झाल्याने कामगिरी सुधारते, या युक्तिवादाचा आधारही बव्हंशी अनुमानाचाच आहे.

अर्थात या प्रयोगांचीही एक मूलभूत अडचण आहे. गांजा घेतला आहे की नाही, हे घेणाऱ्यास तत्काळ कळते. त्यामुळे अपेक्षेचा प्रभाव वजा करता येत नाही. शिवाय जुन्या प्रयोगांतील गांजात टीएचसीचे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास असे. आजचा माल त्याच्या कित्येक पट तीव्र आहे. कोलोरॅडोतील ४२ धावपटूंवरील २०२३ च्या अभ्यासात गांजासह धावणे अधिक आनंददायक वाटल्याचे दिसले. पण टीएचसीप्रधान माल घेणाऱ्यांना तेच धावणे अधिक कष्टाचेही वाटले. आनंद आणि क्षमता या भिन्न वस्तू आहेत, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

आनंदाचा उल्लेख येथे केवळ योगायोगाचा नव्हे. शरीर स्वत:च निर्माण करीत असलेले व त्याच ग्राहकांवर कार्य करणारे एक द्रव्य जेरुसलेम येथे १९९२ मध्ये सापडले, तेव्हा संशोधकांनी संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून त्याचे नाव ‘आनंदामाइड’ ठेवले. दीर्घ धावण्यानंतर रक्तातील त्याचे प्रमाण वाढते, हे २००३ पासून ज्ञात आहे. धावपटूच्या धुंदीचे श्रेय पूर्वी अफूसदृश द्रव्यांना दिले जाई. परंतु त्यांचे ग्राहक औषधाने रोखले तरी ती धुंदी टिकते, असे जर्मनीतील २०२१ च्या प्रयोगात दिसले. मात्र व्यायामाने आनंदामाइड वाढते, म्हणून गांजाने व्यायाम सुधारतो, हे अनुमान म्हणजे कार्यकारणाची उलटापालट होय.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीमागे तीन निकष असतात: कामगिरीतील संभाव्य वाढ, आरोग्यास धोका, आणि क्रीडावृत्तीचा भंग. यांपैकी दोन पुरतात. म्हणूनच पहिला निकष डळमळीत असूनही २०२२ च्या फेरविचारात बंदी कायम राहिली. मूत्रातील मर्यादा २०१३ मध्ये १५ वरून १५० नॅनोग्रॅमवर नेण्यात आली. आणि २०२१ पासून, सेवन स्पर्धेबाहेरचे व कामगिरीशी असंबद्ध असल्याचे खेळाडूने सिद्ध केल्यास शिक्षा तीन महिन्यांची, उपचार पूर्ण केल्यास एका महिन्याची झाली.

आपल्याकडील खेळाडूंची गल्लत होण्याचा संभव आहे तो भारतीय कायद्याच्या शब्दांमुळे. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील व्याख्येत गांजा व चरस येतात. फुलोऱ्यांविरहित पाने, अर्थात भांग, येत नाहीत. मूत्रपरीक्षेस हा भेद ठाऊक नाही. बंदी स्पर्धेपुरतीच असते आणि आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होते, हे खरे. परंतु टीएचसी मेदात साठते व सावकाश बाहेर पडते. नित्य व अधिक प्रमाणात सेवन करणाऱ्याच्या मूत्रात त्याचे अवशेष कित्येक आठवडे सापडू शकतात. होळीच्या थंडाईतील भांग कायद्याच्या दृष्टीने निर्दोष ठरली, तरी काही दिवसांनी होणाऱ्या आंतरविद्यापीठीय स्पर्धेत परीक्षक कायदा पाहणार नाही, नॅनोग्रॅम पाहील.