रुंद चाकाचे गणित

ट्रॅक्टर म्हटला की प्रथम चौकशी होते ती इंजिनाच्या अश्वशक्तीची; चाकाची कोणी करीत नाही. वास्तविक पाहता इंजिनाने कितीही जोर केला तरी तो जमिनीपर्यंत पोहोचतो तो चाकातूनच. चाक रुतले की २० अश्वशक्तीचे यंत्र जागच्या जागी खड्डा खणते, आणि मग त्याला ओढून काढायला बैलजोडी शोधावी लागते. अशा लहान ट्रॅक्टरला घरच्या घरी, म्हणजे गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात, रुंद चाके कशी करतात हे प्रस्तुत लेखात सांगायचे आहे.

अमेरिकेत घरामागच्या बागेत वापरायचा छोटा ट्रॅक्टर असतो. त्याला तिकडे गार्डन ट्रॅक्टर म्हणतात. तेथील हौशी लोक आपल्या गॅरेजमध्ये त्याच्या रिमा कापून रुंद करतात. आपल्याकडे त्याचा जवळचा नातलग म्हणजे मिनी ट्रॅक्टर. नाशिक-सांगलीकडे द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून तो जावा म्हणून त्याची चाके मुद्दामच अरुंद ठेवलेली असतात. बागेत ही सोय होते. पण तोच ट्रॅक्टर पावसानंतर काळ्या रानातल्या भुसभुशीत मातीत घातला की सोयीची अडचण होते.

यामागील तत्त्व शाळेतलेच आहे. वजन तेच राहिले आणि टेकणारी जागा वाढली, तर दाब कमी होतो. मागच्या एका चाकावर ३०० किलो भार आहे आणि चाक २० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद एवढ्या जागेवर टेकते, असे धरू. दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलो भार पडला. रुंदी ३० सेंटिमीटर केली की तो अर्ध्या किलोवर येतो. मात्र नुसता रुंद टायर आणून जुन्याच रिमवर चढवला तर काम होत नाही. अरुंद रिमवर तो मध्येच फुगतो, मधल्या पट्ट्यावरच टेकतो, आणि पैसे खर्चूनही रुंदी मिळत नाही. म्हणून रिमच रुंद करावी लागते.

रिमच्या दोन्ही कडांना, जेथे टायरची तारेची कड बसते, तेथे कारखान्याने अचूक आकार दिलेला असतो. त्या भागाला हात लावायचा नाही. कापायचे ते मधल्या खोलगट भागात. येथे दोन वाटा आहेत. एक, रिम मधोमध कापून दोन भागांमध्ये लोखंडी पट्टी वाकवून बसवणे. दुसरी, सारख्याच मापाच्या दोन जुन्या रिमा एका बाजूला सरकवून कापणे आणि दोहोंचे मोठे तुकडे एकमेकांना जोडणे. दुसऱ्या वाटेने दोन चाकांना चार रिमा लागतात आणि उरलेले तुकडे भंगारात जातात. पण पट्टी गोल वाकवण्याची कटकट वाचते. भंगारात रिमा मिळत असतील तर माझ्या मते हीच वाट बरी.

पट्टीच घालायची झाली तर तिची लांबी काढताना पुष्कळांची गल्लत होते. बाहेरचा व्यास ४०० मिलिमीटर हवा आणि पट्टी ५ मिलिमीटर जाड आहे, तर गुणाकार ४०० चा नव्हे, जाडीच्या मध्यावरच्या ३९५ चा करायचा. उत्तर येते १२४१ मिलिमीटर. ४०० धरले असते तर १२५७ आले असते, म्हणजे तब्बल १६ मिलिमीटर जास्त. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवणारा लोहार हे गणित कागदावर मांडत नसे. तो हातातले छोटे चक्र लाकडी चाकाच्या कडेवरून फिरवून माप घेई आणि धाव मुद्दाम थोडी आखूड करी. तापवली की ती वाढे आणि पाणी ओतले की आवळून बसे. आपल्या पट्टीला असे आवळणे नसते. तिचे माप तंतोतंतच हवे.

कापण्याची रेघ डोळ्यांच्या अंदाजाने मारू नये. रिम आसावर चढवून हाताने फिरवावी आणि जमिनीवर पक्क्या ठेवलेल्या टेकूला खडू धरावा. रेघ आपोआप सरळ उमटते. कापायला ग्राइंडर वापरावा. गॅसने काम लवकर होते, पण कड नागमोडी निघते आणि ती कानशीने सरळ करण्यात दिवस जातो. जोडताना एकदम गोल वेल्डिंग करीत सुटू नये. प्रथम समोरासमोर चार टाके मारावेत, मग रिम पुन्हा आसावर फिरवून पाहावी. टेकूचे टोक आणि रिम यांमधले अंतर कमीजास्त होत असेल, तर चाक 'आऊट' आहे. शेतात हळू चालणाऱ्या ट्रॅक्टरला दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालून जातो. त्याहून जास्त असेल तर टाका तोडून पुन्हा जुळवावे. पक्के वेल्डिंगही थोडे या बाजूला, थोडे त्या बाजूला असे करावे, कारण वेल्डिंग थंड होताना आकसते आणि लोखंडाला आपल्याकडे ओढते. चाक बिघडते ते बहुधा येथेच. ट्यूब ज्या बाजूला टेकणार ती बाजू ग्राइंडरने गुळगुळीत करावी.

वाढवलेली रुंदी कोणत्या बाजूला घ्यायची, हाही प्रश्न असतो. आत घेतली तर चाक मडगार्डला घासते. बाहेर घेतली तर आसावर आणि बेअरिंगवर जास्त ताण येतो. लांब काठीच्या टोकाला घागर अडकवली की खांद्याला ती जड लागते, तसेच हे. आत जागा असेल तेवढी आत घ्यावी आणि उरलेलीच बाहेर काढावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टायर चढवलेला असताना रिमवर कधीही वेल्डिंग करू नये. ‘हवा काढली की झाले’ असा समज अनेक ठिकाणी आहे आणि तो जीवघेणा आहे. रिम तापली की आतले रबर तापते, त्यातून पेट घेणारे वायू निघतात, आणि हवा काढलेला टायरसुद्धा स्फोट होऊन फुटू शकतो. शेजारचा माणूस त्यातून वाचेलच असे नाही. टायर, ट्यूब सगळे काढून, रिम उघडी करूनच ठिणगी पाडावी. नव्या रिमवर पहिल्यांदा हवा भरतानाही चाकासमोर उभे राहू नये. लांब नळी लावून बाजूला थांबावे आणि हवा थोडी थोडी भरावी.

रुंद चाकाला मर्यादाही आहेत. उभ्या पिकाच्या ओळींत ते पीक तुडवते. भाताच्या चिखलणीत ते तरंगते आणि पकड घेत नाही. तेथे लोखंडी केज व्हीलच हवे. शिवाय रुंदीमुळे वरच्या थरावरचा दाब कमी झाला तरी खोलवर जमीन किती घट्ट होते, हे मुख्यतः एकूण वजनावर ठरते. रस्त्यावरही ही चाके नेऊ नयेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी झालेल्या वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही.

वेल्डिंग पक्के झाले की नाही, हे पाहायला महागडे उपकरण लागत नाही. सांध्याच्या एका बाजूला खडू घासून पांढरे करावे आणि दुसऱ्या बाजूला रॉकेल किंवा डिझेल लावावे. अर्ध्या तासाने पांढऱ्यावर ओला डाग उमटला तर तेथे आरपार चीर आहे. तेवढा भाग घासून, रॉकेल पूर्ण पुसून आणि वाळू देऊन पुन्हा वेल्डिंग करावे, आणि खडू पुन्हा लावून पाहावा.